पाच वर्षांच्या लेकराला कोडिंगचा क्लास लावू का?

‘ताई, नमस्कार. आम्ही गंगाखेडजवळच्या एका गावात राहतो. थोरली मुलगी आठ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. धाकटा पाच वर्षांचा, अंगणवाडीत जातो. मी घरी शिवणकाम करते, मालक शेती बघतात. गंगाखेडात लहान मुलांसाठी कोडिंगचा क्लास निघालाय. वर्षाचे आठ हजार मागतात. “सहा वर्षांच्या आत मेंदू घडतो, आत्ता नाही शिकवलं तर मुलगा मागं पडेल,” असं तिथं सांगितलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. घरात कंप्युटर नाही. फोन एकच, तो मालकांसोबत शेतात जातो. त्यात धाकट्याला डावं-उजवं अजिबात कळत नाही. चप्पल रोज उलटी घालतो. ३ काढ म्हटलं तर ६ काढतो. थोरलीच्या बाईंनी शाळेत भुलभुलैयाची चित्रं दिली होती, उंदराला भाकरीपर्यंत न्यायचं. दोघं बहीण-भाऊ त्यात तासभर रमले. बाई म्हणाल्या, कोडिंगची सुरुवात यातूनच होते. सासूबाई म्हणतात, “भुईवर रेघा ओढून कुठं कंप्युटर येत असतंय व्हय?” खरं काय समजायचं? घरी काही करता येईल का?’

ताई, आधी पैशाचं सांगते. आठ हजार भरू नका.

पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो, एवढं त्या क्लासवाल्यांचं बरोबर आहे. पण त्या वाढीला लागतं ते पोटभर खाणं, झोप, धावपळ, गोष्टी आणि घरातल्या माणसांशी भरपूर बोलणं. सहावं वर्ष संपलं की कोडिंगचं दार बंद होतं, असं कुठेही नाही. आपल्या देशाचं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यात सुरू करायला सांगतं. त्याआधी, अगदी अंगणवाडीच्या वयापासून, कोडी आणि खेळ यांतून गणिती आणि संगणकीय विचाराची सवय लावावी, असंही त्यात म्हटलंय. तुमच्या थोरलीच्या बाई नेमकं तेच करताहेत, तेही फी न घेता. आईच्या मनात भीती घालून पैसे काढण्याचा प्रकार सध्या गावोगाव चाललाय, आणि मला त्याची मनापासून चीड येते. तुमचा मुलगा मागे पडलेला नाही. त्या पैशांत दोघांना वर्षभर गोष्टीची पुस्तकं घ्या.

आता सासूबाईंचा प्रश्न. मला तो फार आवडला, कारण तो सरळ आहे. कंप्युटरला स्वतःची समज नसते. त्याला जे सांगाल, ज्या क्रमाने सांगाल, तेवढंच तो करतो. म्हणून कोडिंग करणाऱ्याला दोन गोष्टी याव्या लागतात: काम बारीक पायऱ्यांत मोडून नेमकं सांगणं, आणि काम फसलं तर कोणत्या पायरीवर फसलं ते शोधणं. या दोन्ही गोष्टी भुईवरच्या रेघांवर शिकता येतात. पाच वर्षांच्या मुलाला तर त्या पडद्यापेक्षा भुईवरच चांगल्या कळतात, कारण तिथे तो सगळ्या अंगाने शिकतो.

हे माझ्या मनचं नाही. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन, वॉली फोयरझाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. पुढे तिला जमिनीवर चालणारं एक यांत्रिक कासव जोडलं. मुलाने सांगायचं, ‘पुढे ५०, उजवीकडे ९० अंश वळ’, आणि कासवाने तेवढंच करायचं. एखादं मूल अडलं की पॅपर्ट त्याला सांगत, तूच कासव हो आणि चालून बघ. मूल उठायचं, चालायचं, आणि कुठे काय राहिलं ते त्याचं त्यालाच उमगायचं. म्हणजे ज्यांनी मुलांच्या कोडिंगचा पाया घातला, त्यांनीही मुलांना भुईवरच चालायला लावलं. हे सासूबाईंना जरूर वाचून दाखवा.

धाकट्याच्या डाव्या-उजव्याची तुम्हाला जास्त काळजी दिसते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही शिवणकाम करता. ब्लाउजचे पुढचे दोन भाग कापताना कापड दुमडायचं राहिलं, तर कधी दोन्ही भाग एकाच बाजूचे निघतात. माप बरोबर, आकार बरोबर, तरी एक वाया जातो. ३ आणि ६ यांचं जवळपास तसंच आहे. एक पालथा केला की दुसरा. आता लेकराच्या बाजूने बघा. त्याने आजवर जग जसं पाहिलंय त्यात चमचा डावीकडे तोंड करून ठेवला तरी चमचाच असतो आणि शेळी उलट्या दिशेने चालली तरी शेळीच असते. वस्तूचं तोंड फिरलं म्हणजे वस्तू बदलली, हा नियम त्याला फक्त अक्षरं आणि अंक शिकताना पहिल्यांदा भेटतो. तो अंगवळणी पडायला वेळ लागतो. साधारण सात वर्षांपर्यंत मुलं अधूनमधून आकडे-अक्षरं उलटी काढतात. चपलेचंही तेच. आठ वर्षं उलटल्यावरही हे चालू राहिलं आणि सोबत वाचनही अडायला लागलं, तर बाईंशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आज त्याची गरज नाही. तोवर त्याला ‘उलटं काढतो’ म्हणून कुणी हिणवू नये, एवढं घरात बजावून ठेवा.

मुलाला आधी स्वतःचं डावं-उजवं कळतं आणि समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं त्यानंतर बऱ्याच काळाने, साधारण आठव्या वर्षाच्या आसपास. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी ही गोष्ट फार पूर्वी दाखवून दिली. पॅपर्ट त्यांच्याकडेच काही वर्षं काम करून आले होते. आणि आपण शिकवताना काय करतो? मुलाच्या समोर उभं राहतो, आपला उजवा हात वर करतो आणि म्हणतो, ‘हा बघ उजवा.’ मूल आरशात पाहिल्यासारखा डावा हात वर करतं आणि ओरडा खातं. अंगणवाडीपासून कवायतीपर्यंत हे सगळीकडे चालतं. तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या राहा, दोघांची तोंडं एकाच दिशेला असू द्या, आणि मग हात वर करा. एवढ्या एका बदलाने निम्मा गोंधळ जातो.

उजव्या मनगटाला तुमच्याकडच्या लाल दोऱ्याचे दोन वेढे बांधा. ‘जेवायचा हात म्हणजे उजवा’ असं सांगायची पद्धत आहे, पण लेकरू डावखुरं असेल तर ती खूण फसते, आणि मग घरातली मोठी माणसं हातच बदलायला लावतात. तसं करू नका. दोरा बरा. दोरा कोणत्या हाताला आहे ते बघावं न लागता तो सांगायला लागला की सोडून टाका.

यानंतर सासूबाईंना मदतीला घ्या. आपल्याकडे शेतातल्या माणसांच्या बोलण्यात डावं-उजवं कमीच येतं. ‘उगवतीच्या बांधाला जा’, ‘मावळतीच्या अंगाला विहीर हाय’, असंच बोलतात. या दिशा लेकरासाठी सोप्या, कारण त्या माणसाबरोबर फिरत नाहीत. सकाळी आज्जीने नातवाला उगवतीकडे तोंड करून उभं करावं. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. गंगाखेड गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे, म्हणून गावातून पाहिलं तर गंगा, म्हणजे आपली गोदावरीच, उत्तरेला आणि तिच्या पलीकडे परभणीही उत्तरेलाच. नांदेड उगवतीकडे. परळी मावळतीला, जराशी दक्षिणेकडे झुकून. तुमच्या गावातून यातलं थोडं इकडेतिकडे होईल, पण गंगा, रेल्वेचा रूळ, मारुतीचं देऊळ, शाळा अशा चार पक्क्या खुणा आज्जी आणि नातवाने मिळून ठरवाव्यात.

थोरली इथे एक हुशार प्रश्न विचारेल, त्याची तयारी ठेवा: सूर्य रोज त्याच जागी का उगवत नाही? खरंच उगवत नाही. नेमका पूर्वेला तो फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास उगवतो. आपल्या भागात जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो पूर्वेपासून पंचवीसएक अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडे. दुपारच्या सावलीवरून उत्तर ओळखायची, तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत ती खूणही चालत नाही, कारण त्या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. तिला दारासमोरच्या एखाद्या झाडावरून किंवा कौलावरून महिन्या-महिन्याला उगवतीची जागा टिपून ठेवायला सांगा. वर्षभराचा अभ्यास होईल.

आता भुलभुलैया.

घरात शहाबादी फरशी असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. एक फरशी म्हणजे एक घर. सारवलेली जमीन असेल तर खडूने किंवा रांगोळीने चार बाय चारची घरं आखा. भिंती म्हणून पाट, सुपडं, चपला, वह्या, जे हाताशी असेल ते आडवं ठेवा. शिवणाच्या चिंध्यांचा एक उंदीर शिवा, पण त्याला तोंड आणि शेपूट ठळक हवं. उंदीर कोणत्या दिशेला बघतोय हे लांबून दिसलं पाहिजे, सगळा खेळ त्यावरच आहे. एका कोपऱ्यात उंदीर, दुसऱ्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा. पहिल्या दिवशी वाट सोपी ठेवा, तीन-चार पावलांत पोहोचेल अशी आणि एकच फसवी वाट असलेली.

सुरुवात आज्जीच्या दिशांनी करा. फरशीच्या चार बाजूंना उगवती, मावळती, उत्तर, दक्षिण अशा खुणा करा. गंगा उत्तरेला असेल तर त्या बाजूला निळ्या खडूने नदीच काढा, लेकराला मौज वाटते. मग तो सांगेल, ‘एक घर उगवतीला, दोन घरं गंगेकडं.’ यात उंदराचं तोंड कुठे आहे याचा विचार करावा लागत नाही. पाच वर्षांच्या मुलाला एवढं आठवडाभर पुरतं. त्याला घाई नसते, आपल्याला असते.

मात्र एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: आधी सगळं सांगायचं, मग उंदीर हलवायचा. कागदावरच्या भुलभुलैयात मूल पेन्सिल टेकवतं, अडलं की मागे येतं, पुन्हा पुढे जातं. त्याने हात आणि नजर बसते, ते चांगलंच आहे. पण कोडिंगचा विचार तिथून सुरू होतो जिथे हलण्याआधी अख्खी वाट डोक्यात चालून बघावी लागते. सुरुवातीला दोन पावलं आधी सांगू दे, मग तीन, मग चार. यापेक्षा जास्त त्या वयात लक्षात राहत नाहीत. म्हणून मग चिठ्ठ्या लागतात.

जुन्या लग्नपत्रिका काढा. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तीन प्रकारच्या चिठ्ठ्या करा: सरळ बाण म्हणजे एक घर पुढे, उजवीकडे वाकलेला बाण म्हणजे उजवीकडे वळ, डावीकडे वाकलेला म्हणजे डावीकडे वळ. प्रत्येकी दहाबारा असू द्या. इथे आज्जीच्या दिशा संपतात आणि उंदराच्या स्वतःच्या दिशा सुरू होतात. हाच सगळ्यात अवघड टप्पा आहे. ‘उजवीकडे वळ’ची चिठ्ठी आली की मूल उजवीकडे वळून एक घर चालूनही जातं. वळणं आणि चालणं त्याच्या लेखी एकच क्रिया असते, कारण चालताना आपण तसंच करतो. यंत्राला मात्र या दोन वेगळ्या सूचना आहेत. वळायची चिठ्ठी आली की घर बदलायचं नाही, पाय त्याच फरशीवर, फक्त तोंड फिरवायचं. हे उंदरावर समजावत बसू नका. त्यालाच फरशीवर उभं करा, दोन्ही पाय एका घरात, आणि म्हणा, ‘वळ.’ मग, ‘आता पुढे.’ दहा वेळा केलं की पायांना कळतं. पायांना कळलं की डोक्यात जायला वेळ लागत नाही.

दुसरी अडचण उंदीर त्याच्याकडे तोंड करून येत असेल तेव्हा येते. उंदराचा उजवा आणि त्याचा उजवा उलट पडतात. तेव्हा मुलं आपोआप मान वाकडी करतात, उठून उंदराच्या मागे जाऊन उभी राहतात, कधी फरशीवर आडवी होतात. होऊ द्या. ‘एका जागी बसून खेळ’ म्हणू नका. उंदराच्या जागी स्वतःला ठेवून बघायची ती धडपड आहे, आणि समोरच्याचं डावं-उजवं त्यातूनच कळायला लागतं.

आता रोबो. थोरलीला रोबो करा. धाकट्याने चिठ्ठ्या ओळीने मांडायच्या, तिने पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवायचं, तेवढंच करायचं, मग दुसरी. स्वतःची अक्कल अजिबात वापरायची नाही. ही अट तिला जड जाईल. वाट चुकतेय हे तिला दिसत असतं, आणि भावाच्या मायेने ती उंदराला हळूच योग्य घरात सरकवते. तुम्हीही तेच कराल. मास्तरही तेच करतात. सगळ्या खेळात माझी तुम्हाला एकच कळकळीची विनंती आहे, की हे करू नका. त्याने मांडलेली चूक शेवटपर्यंत चालवा.

समजा त्याने लावलंय: पुढे, पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे. वळण खरं दुसऱ्या पावलानंतर हवं होतं. तिसऱ्या ‘पुढे’ला उंदीर पाटावर आपटेल. रोबोने मोठ्याने ‘धडक!’ म्हणावं आणि तिथेच थांबावं. धाकटा खदखदून हसेल. मग लगेच सगळ्या चिठ्ठ्या गोळा करायला धावेल, कारण लेकरांना वाटतं की चुकलं म्हणजे सगळंच पुसायचं. तिथे त्याचा हात धरा आणि एवढंच विचारा, ‘कुठपर्यंत बरोबर होतं?’ तो एकेका चिठ्ठीवर बोट ठेवत जाईल. पहिली बरोबर, दुसरी बरोबर, तिसरी... आणि थांबेल. ती एकच चिठ्ठी उचलायची, बाकी जागच्या जागी. मग पुन्हा पहिल्यापासून चालवायचं.

ताई, कंपन्यांमध्ये मोठमोठे प्रोग्रॅम लिहिणारी माणसंही दिवसाचा बराच वेळ हेच करतात. कुठपर्यंत बरोबर होतं ते शोधतात आणि तेवढंच बदलतात. ज्या मुलाला पाचव्या वर्षी हे जमलं की चूक म्हणजे आपण वाईट नाही, चूक म्हणजे तिसरी चिठ्ठी, त्याला पुढे गणित, लेखन, अगदी सायकलची चेन बसवणंही जड जात नाही. क्लासमध्ये पडद्यावर चूक झाली की बहुधा शिक्षकच पटकन बटण दाबून दुरुस्त करतात, कारण वीस मुलं रांगेत असतात. तुमच्या ओसरीवर रांग नाही.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. बहीण-भावात शर्यत लावू नका, आठ वर्षांची रोज जिंकेल आणि पाच वर्षांचा खेळ सोडून देईल. तिने वाटा आखायच्या, त्याने सोडवायच्या, अशी वाटणी ठेवा. भुलभुलैया बनवणं हे सोडवण्यापेक्षा अवघड काम आहे, तिला ते मानाचं वाटेल.

थोरलीसाठी आणखी पुढचं देते. तिला चिठ्ठ्यांनी उंदराकडून चौकोन काढून घ्यायला सांगा. पुढे, पुढे, उजवीकडे वळ. पुढे, पुढे, उजवीकडे वळ. असं चारदा, म्हणजे बारा चिठ्ठ्या. मग म्हणा, ‘माझ्याकडे फक्त तीनच चिठ्ठ्या आणि एक आकडा आहे.’ थोड्या वेळाने ती तीन चिठ्ठ्यांभोवती खडूने गोल काढून ‘४ वेळा’ लिहील. कोडिंगमधली ही फार मोठी कल्पना आहे, आणि ठिपक्यांच्या रांगोळीवर तिचा सराव सुंदर होतो. एका कोपऱ्याचं वळण ठरवायचं आणि तेच चारही बाजूंना फिरवायचं. दिवाळीत बघा, ती किती लवकर रांगोळी घालते.

पुढे ‘जर... तर’ आणा. चिठ्ठीवर लिहा, ‘समोर भिंत असेल तर उजवीकडे वळ, नसेल तर पुढे जा.’ आता उंदराला वाट सांगायची नाही, नियम सांगायचा. मग तिला जुनी युक्ती दाखवा: भुलभुलैयात शिरताना एक हात भिंतीला लावायचा आणि तो न उचलता चालत राहायचं. वाट कितीही वेडीवाकडी असली तरी बाहेर पडता येतं. ती चकित होईल. ही गंमत पुरेशी झाली की मधोमध एक भाग असा आखायला सांगा ज्याच्या भिंती बाहेरच्या भिंतीला कुठेच टेकत नाहीत, आणि भाकरी त्याच्या आत ठेवायला सांगा. हात लावून चाललेला उंदीर बाहेरच्या बाहेर फिरून पुन्हा दाराशी येईल, भाकरी मिळणार नाही. युक्ती का फसली, हे तिला दोन दिवस शोधू द्या. उत्तर सांगू नका.

तिला एक खरी गोष्टही सांगा. १९५० साली क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने भुलभुलैयातून वाट शोधणारा एक यांत्रिक उंदीर बनवला. पंचवीस घरांचा पट होता. उंदीर आधी धडकत, चाचपडत वाट शोधायचा, आणि दुसऱ्यांदा सोडला की थेट पोहोचायचा. लक्षात ठेवायचं काम मात्र उंदरात नव्हतंच, ते पटाखाली बसवलेल्या रिलेंमध्ये, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणाऱ्या बटणांमध्ये होतं. उंदराच्या पोटात फक्त चुंबक. तुमच्या चिंध्यांच्या उंदराची अक्कलही धाकट्याने मांडलेल्या चिठ्ठ्यांमध्येच आहे. मुलांना हे फार पटतं.

शाळेची सहल कधी वेरूळ-देवगिरीला गेली तर तिला देवगिरीची अंधारी नीट बघून यायला सांगा. खंदक ओलांडून वर जाणारी ही वाट खडकातल्या काळोख्या, वळणावळणाच्या भुयारातून जाते. वर चढणाऱ्या शत्रूला दिशाच कळू नये, यासाठी ती तशी केलेली. आत शिरण्याआधी उगवती कुठे आहे ते बघून ठेवायचं, बाहेर पडल्यावर ऊन न बघता बोट दाखवायचं आणि मग ऊन बघून ताडायचं. मोठ्या माणसाचा हात धरून जायचं, हे सांगायला नकोच.

शेतातही खेळ होतो. तुमच्याकडे सरकी फुलीवर लावत असतील तर दोन्ही अंगांनी सरळ तासं दिसतात, म्हणजे आखलेला पटच. रोपं वीतभर असताना ‘चार झाडं पुढे, डावीकडे वळ, दोन झाडं पुढे’ असं सांगून लपवलेली चिंच शोधायला लावा. फवारणी झालेल्या शेतात मात्र लेकरं अजिबात नेऊ नका. घरी सापशिडी असेल तर तीही काढा. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे. ओळ संपली की लहान मूल हमखास चुकीकडे वळतं. प्रत्येक कोपऱ्यावर ‘आता कुठं?’ एवढं विचारलं तरी दिशांचा सराव होतो.

फोनचं थोडक्यात. धाकट्यासाठी आत्ता फोनची गरज नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनियर’ नावाचं मोफत ॲप २०१४मध्ये आलं, त्यात वाचता न येणाऱ्या मुलालाही चित्रांच्या ठोकळ्यांनी सूचना देता येतात. पण ते मुख्यतः टॅबलेटसाठी आहे, आणि त्यासाठी टॅबलेट विकत घेऊ नका. थोरलीला शाळेत किंवा पाहुण्यांकडे संगणक मिळाला तर या ॲपचं मोठं भावंड ‘स्क्रॅच’ आठ वर्षांपुढच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे. तेही मोफत. ‘४ वेळा’ आणि ‘भिंत असेल तर’ हे तिला तिथे ओळखीचं वाटेल, बाकी ती स्वतः शिकेल.

सासूबाईंना एकदा रोबो व्हायला सांगा. नातवाच्या चिठ्ठ्या वाचून आज्जी पाटावर धडकली की घरात काय होईल ते मला इथूनच दिसतंय. त्यांचा प्रश्न त्यानंतर त्या पुन्हा विचारणार नाहीत, असं मला वाटतं.

आणि थोरलीच्या बाईंशी बोला. ग्रामपंचायतीने किंवा पालकांनी मिळून ऑइल पेंटचा एक लहान डबा आणला, तर शाळेच्या ओट्यावर आठ बाय आठची घरं कायमची आखून घेता येतील. त्यावर पहिलीची मुलं दिशा शिकतील, चौथीची ‘जर-तर’ खेळतील, पाढेही म्हणता येतील. पावसाचं पाणी उडत नाही अशी, छपराखालची जागा निवडा आणि रंगवण्याआधी ओटा धुऊन पूर्ण वाळू द्या, नाहीतर महिन्यात पापुद्रे निघतात. एक घर साधारण सव्वा फुटाचं ठेवा. त्याहून लहान केलं तर तिसरीच्या पोराचे दोन पाय वळताना मावत नाहीत, आणि मोठं केलं तर अंगणवाडीच्या लेकराला ते एका पावलात ओलांडता येत नाही.